अर्थाला बांधलेली पिन

लडकू तरेंनी बोर्ड तळहातावर घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि बाजूला वळून त्यावर हलकी फुंकर मारली. चिपच्या पायांत अडकलेली कापसाची लव उडाली, पंख्याच्या वाऱ्यात थोडी तरंगली आणि मेघालीच्या उघड्या वहीवर येऊन बसली.

मेघालीने ती बोटाने झटकली. ते बोर्ड ब्रशने साफ करून ठेवायचं हे सकाळपासून तिच्या डोक्यात होतं, आणि दर वेळी कुणीतरी हाक मारली होती.

"मॅडम," तरे म्हणाले, "हे परीक्षेसाठी बनवलंय म्हणालात ना?"

"हो. मुद्दाम एक चूक ठेवलीय त्यात. ती शोधायची."

"असं."

ते एवढंच म्हणाले. पण वहीवरून सरकून टेबलाच्या कडेला लटकलेल्या त्या लवेकडे त्यांनी एकदा पाहिलं, एकदा मेघालीकडे पाहिलं, आणि मग चष्मा नाकावर घेऊन ते बोर्डात शिरले. कीर्तनात बुवांनी चरण उचलला की मागचा टाळकरी जसा अंगाने किंचित पुढे होतो, तसे ते पुढे झाले आणि खोलीचा त्यांना विसर पडला.

मानकोली नाक्यापासून थोडं आत, गोदामांच्या रांगेत, एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर ही कंपनी होती. खाली दिवसभर कंटेनर लागत, वर आठ इंजिनियर यंत्रमागांसाठी कंट्रोलर बनवत. काम सांगायला सोपं. मागावर ताण्याचा एखादा धागा तुटला की लूम तिथल्या तिथे थांबवायचं, म्हणजे कामगाराने आत हात घालून गाठ मारायची आणि मग बटण दाबून लूम पुन्हा चालू करायचं. एवढंच. पण गेले चार महिने निजामपुऱ्यातल्या लूम-कारखान्यांतून तक्रारी येत होत्या. थांबलेलं लूम मधूनच झटका देतं, आपलं आपण सुरू होतं. लाइट डोळा मारून गेली की हमखास. एका कामगाराचं नख गेलं होतं.

"नखच गेलं ना, बोट तर वाचलं," मालक प्रितेश म्हणाला होता. वाईट माणूस नव्हता तो. स्टाफच्या वाढदिवसाला केक न विसरता आणायचा. "मेघाली, एक काम कर. सीनियर डिझायनरची अ‍ॅड टाक. माणसं बोलाव. आपलंच बोर्ड दे टेस्टला. कोई ना कोई बोलके जायेगा."

मेघालीला त्यातली मेख तेव्हाच कळली होती. मग तिने स्वतःची समजूत काढली की जो चूक शोधेल त्याला आपण घेऊच, म्हणजे मग ही फसवणूक कुठे राहिली? माणूस हवाच होता. टीममध्ये सगळी चार-पाच वर्षांच्या अनुभवाची पोरं, तिचा स्वतःचा नऊ वर्षांचा. बोर्डाकडे बघून ज्याला त्याची नाडी कळेल असं कुणी नव्हतं.

आतापर्यंत पाच जण येऊन गेले होते. कुणी लॅपटॉप मागितला, कुणी सिग्नल बघायला स्कोप मागितला, एकाने तासभर बोर्डाचे फोटो काढले. सहावे हे लडकू गोविंद तरे, मुक्काम खारबाव, वय छप्पन्न. बायोडेटा एक पानी, माथ्यावर 'श्री'. बावीस वर्षं ठाण्याच्या एका कारखान्यात, तो बंद पडल्यावर नऊ वर्षं इकडेतिकडे. फिल्मवर काळ्या पट्ट्या हाताने चिकटवून ट्रॅक आखायचे त्या काळापासून ते बोर्ड करत आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात तुळशीची माळ, आणि खिशाला लावलेला पेन असा की जणू शाळेच्या तपासणीला आलेत.

त्यांनी मीटरसुद्धा मागितला नाही. खुर्चीवरून उठून खिडकीशी गेले, बोर्ड उजेडासमोर धरलं आणि पेनाच्या टोपणाने एकेका ट्रॅकवरून चालत राहिले. ओठ हलत होते. खाली कुणीतरी ट्रक मागे घेत होतं आणि त्याचा हॉर्न एकसारखा वाजत होता.

एका जागी टोपण थांबलं. मागे गेलं. पुन्हा तिथेच आलं.

मग ते येऊन बसले, बोर्ड टेबलावर ठेवलं आणि चष्मा काढून डबीत घातला. डबीचं झाकण टक्कन मिटलं. मेघालीला वाटलं, हे आता उठून जाणार.

"हे बोर्ड कुठं बसतं, मॅडम?"

कुठेच नाही, टेस्टचं आहे, असं तोंडपाठ उत्तर तिच्याकडे होतं. पण ती लव अजून टेबलाच्या कडेला लटकत होती.

"निजामपुऱ्यात," ती म्हणाली.

"किती हायेत?"

"चारशेच्या वर."

तरेंनी मान हलवली. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. डबीवर बोटं वाजवली.

"मग एक विचारतो, रागावू नका. मी सांगितलं तर मला नोकरी मिळंल, का गप बसलो तर मिळंल?"

मेघालीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "सांगितलंत तर तुमचं नाव मी स्वतः वर नेईन, सर. माझा शब्द आहे."

"शब्द," तरे म्हणाले. "आता खरं सांगायचं तर मला गप बसायची सोयच न्हाय. आमच्या भजनी मंडळात मृदंगाला काळूराम म्हणून हाय. पडघ्याच्या वरच्या पाड्यावरचा. निजामपुऱ्यात लूमवर ड्युटीला असतो. परवा म्हणत होता, 'काका, आमचं लूम थांबून पन थांबत न्हाय.' मी म्हटलं, तुझाच पाय लागला असंल बटणाला." त्यांनी हात पुढे केला. "वही द्या तुमची."

वहीच्या कोऱ्या पानावर त्यांनी चिपचा चौकोन काढला, त्यातून निघालेली एक रेघ, रेघेच्या टोकाला लूमचा स्विच ओढणारा रिले.

"ही पिन लूम चालू करते. बरोबर? लाइट डुचमळली की तुमची चिप पळभर झोपते. झोपली की ही पिन कुणाच्याच ताब्यात न्हाय. लोंबकळत राहते. मग हवेत जे येईल ते ती घेणार. शेजारची मोटर धडधडली, घेतलं. रिले टिकटिकला, लूम निघालं. आणि समोरच्याचे हात आत." त्यांनी त्या रेघेपासून खाली आणखी एक रेघ ओढली, तिच्यावर नागमोडी वळण, आणि तळाला एकाखाली एक, लहान होत गेलेल्या तीन आडव्या रेघा. "एक रेझिस्टर. ह्या पिनेला अर्थाला बांधून टाका. चिप झोपली तर झोपू दे, पिन जागेवर राहते. लूम हलायचं न्हाय."

मेघाली त्या तीन रेघांकडे पाहत राहिली. चार महिने आठ माणसं सॉफ्टवेअरमध्ये शोधत होती.

"वायरमन लोक ह्या अर्थिंगला नुसतं अर्थ म्हणतात ना," तरे आता खुलले होते, "आमचे बुवा ते ऐकून जाम हसले एकदा. म्हणाले, लडकू, तुझा धंदा आणि माझा धंदा एकच. माझ्याकडंसुदा शब्द नुसते लोंबकळत येतात. त्यांना अर्थाला बांधायचं, एवढीच माझी नोकरी." मग वही फिरवून त्यांनी तिच्यासमोर ठेवली. "नवीन बोर्डात टाकालच. पण जुन्यालासुदा हातानं बसतो हा रेझिस्टर. ह्या दोन पायांवर सोल्डर मारायचा. एका बोर्डाला दोन मिनिटं. माणूस नसंल तर मी येतो, सायकलला डबा अडकवून गल्लोगल्ली फिरीन. जुनी बोर्डं विसरू नका."

"नाही विसरणार," मेघाली म्हणाली. तो तिचा त्या सकाळचा दुसरा शब्द.

त्याच संध्याकाळी तिने रेझिस्टर लावून बोर्ड चालवलं. शंभर वेळा वीज तोडली, शंभर वेळा जोडली. रिले मुका राहिला.

प्रितेशला तिने वही दाखवली, नाव सांगितलं. तो खुर्चीतून उठलाच. "इतना सा? एक रेझिस्टर?" मग बायोडेटा बघून खाली बसला. "छप्पन्न? अगं, ह्या वयाचा माणूस तुझ्या पोरांमध्ये बसणार कुठे? नवीन सॉफ्टवेअर येतं का त्याला?"

"शिकतील ते. सर, चूक त्यांनी शोधली."

"हो ना, शोधली. मग आता कशाला पाहिजे तो?"

यावर मेघालीने बोलायला हवं होतं. ती बोलली, पण एकदाच आणि हळू. नंतर तिने तरेंना पोस्ट बंद केल्याचा मेल लिहिला. 'आपल्या अनुभवाचा आम्ही आदर करतो' हे वाक्य लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि तसंच पाठवलं. अर्ध्या तासात उत्तर आलं. मराठीतून, एकच ओळ: 'ठीक आहे. जुन्या बोर्डांचं बघा.'

जुन्या बोर्डांचंही तिने विचारलं. प्रितेशने दार लोटून घेतलं आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "जुन्याला हात लावला म्हणजे आपणच गावभर सांगितलं की चूक आपली होती. ज्याचं नख गेलं तो उद्या दारात उभा राहील. नवीन माल नीट जाऊ दे. जुनी बोर्डं काय, दोन-तीन वर्षांत आपोआप बदलतात."

नवीन बोर्ड आलं. त्याच्या कोपऱ्यात तारीख आणि डिझायनरच्या नावाच्या जागी 'मेघाली' छापलं होतं. ती जागा कुणाच्या तरी नावाने भरावीच लागते. कंपनीच्या वर्धापनदिनी तिला काचेचं मानचिन्ह मिळालं. तिने ते घरी राहनाळला नेलं, तर आई रंगूबाईने ते देवघराशेजारच्या फळीवर ठेवलं आणि आल्या-गेल्याला दाखवायला सुरुवात केली. मेघालीने दोनदा ते कपाटात टाकलं. दोन्ही वेळा ते फळीवर परत आलं.

त्या मुलाखतीनंतर दोन महिन्यांनी राहनाळच्या देवळात सप्ताह बसला. शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन. मंडपात निळ्या ताडपत्रीतून गाळलेला उजेड, सतरंजीवर बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, आणि मध्ये बुवांची वाट बघत उभी राहिलेली टाळकऱ्यांची रांग. टाळ गळ्यात अडकवून कुणी सुपारी चघळतोय, कुणी फेटा नीट करतोय. मृदंगी खाली मांडी घालून डाव्या पुडीला कणीक थापत होता. काळासावळा, पस्तिशीचा, अंगाने काटक. कणीक थापायची, थाप मारून ऐकायचं, थोडी काढायची, पुन्हा ऐकायचं. त्याच्या दहाही बोटांना पीठ लागलं होतं.

मेघाली आईशेजारी बसली होती. हे कीर्तन ती लहानपणापासून चुकवत नसे. गजर सुरू झाला की छातीत जे हलतं ते तिला दुसरीकडे कुठे मिळालं नव्हतं.

बुक्का लावणारा माणूस रांगेतून खाली वाकत वाकत येत होता. तो तीन बायकांच्या अंतरावर येऊन ठेपला तेव्हा तिने वर पाहिलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, तुळशीची माळ, गळ्यात टाळ.

लपायला जागा नव्हती. आईच्या कपाळाला बोट लावून लडकू तरे तिच्यासमोर आले आणि थांबले.

"मॅडम! तुमी राहनाळच्या?"

"ओळखता हिला?" रंगूबाई लगेच पुढे सरकली. "माझी पोर. मानकोलीला मोठ्या कंपनीत हाय. लूमच्या बोर्डात बिघाड व्हता ना, कुनाला म्हनून सापडत नव्हता. हिनं शोधला. बक्षीस दिलं कंपनीनं, काचेचं! या ना घरी, दाखवते."

शेजारच्या दोघी-तिघींनी कौतुकाने माना वळवल्या. मेघालीला खालची सतरंजी दिसत होती, तिच्या निळ्या-लाल पट्ट्या, एका पट्टीवरचा पिवळा डाग.

"हो का?" तरे म्हणाले. आवाजात काही नव्हतं. टोमणा असता तरी तिला बरं वाटलं असतं. "चांगलं झालं, मावशी. हुशार हाय पोरगी तुमची."

त्यांनी तिच्या कपाळावर बुक्का लावला. बोट कोरडं आणि खरखरीत होतं. मग टाळांचा आवाज होऊ नये म्हणून ते एका हाताने छातीशी धरून जरा खाली वाकले. आता 'मॅडम' गेलं होतं.

"बाय, एक सांग. ती पिन अर्थाला बांधली ना?"

"बांधली."

"जुन्या बोर्डांची पन?"

आई बघत होती. शेजारच्या बायका बघत होत्या. कपाळावरचा बुक्का अजून घामाने ओला झाला नव्हता.

"हो, काका," मेघाली म्हणाली. "सगळ्यांची."

तरेंचा चेहरा उजळला. ते सरळ झाले आणि बायकांच्या डोक्यांवरून मृदंगाकडे पाहून ओरडले, "ए काळूराम! आयकलास का? या बाईंच्या कंपनीचा बोर्ड तो. बाई सोता म्हनतात, सगळ्या जुन्यांचा काम झाला. मी सांगितलेला ना, गाठ माराच्या आधी मेन स्विच बंद कर म्हनून, ती गरज आता न्हाय!"

मृदंगीने मान वर केली. पिठाचे हात जोडून कपाळाला लावले, लांबूनच, मेघालीला. "लय उपकार झाले, ताई! मेन बंद करून गाठ मारतो तर शेठ रोज शिव्या घालतो. म्हनतो, तुझ्या एकट्याची बोटं सोन्याची का?"

मंडप हसला. मेघालीसुद्धा हसली, कारण सगळे हसत होते.

"काका," ती म्हणाली, "काका, ऐका—"

पण बुवा आले होते. माणसं उठली, वाकली, बसली. बुवांनी वीणेला हात लावला, तरे लगबगीने रांगेत जाऊन उभे राहिले, आणि काळूरामने पहिली थाप मारली. तिच्या मागोमाग वीस जोड टाळ एकदम पडले. त्या गजरात तिचं 'ऐका' कुठे गेलं ते तिचं तिलाही कळलं नाही.

दोन तास कीर्तन रंगलं. बुवा गोकुळातल्या पोरांच्या शिदोऱ्या सोडत होते, कुणाची ताकभाकर, कुणाचं लोणचं, आणि मंडपातल्या म्हाताऱ्या डोळे पुसत हसत होत्या. मेघाली बुवांकडे बघत नव्हती. ती मृदंगाकडे बघत होती. चढत्या लयीत ती बोटं दिसेनाशी होत, पुन्हा दिसत. दर वेळी दिसली की ती मोजत होती. दोनदा ती उठली. पहिल्यांदा आईने पदर ओढून खाली बसवलं. दुसऱ्यांदा ती गर्दीच्या कडेपर्यंत गेली, पण कीर्तनात उभ्या असलेल्या टाळकऱ्याच्या कानाशी जाऊन काय सांगायचं, ते तिला जुळवता आलं नाही. खोटं बोलले, हे दोन शब्द. तेवढेच होते. संपल्यावर सांगू, असं ठरवून ती परत बसली.

हंडी फुटली. पोरांनी एकच गिल्ला केला. लाह्या-दह्याचा काला परातींतून वाटायला निघाला, रांगा लागल्या. मेघाली धक्के खात पुढे सरकली. परातीशी तरे होते, कोपरापर्यंत दह्याने भरलेले.

"काका, काळूराम कुठंय?"

"काळूराम? गेला तो."

"गेला? जेवायला नाही थांबला?"

"कुठला थांबतो. शेठनं अर्ध्या दिवसाची सुट्टी दिलेली, दुपारपासून ड्युटी. बसला एकाच्या मोटारसायकलवर, आतापर्यंत लूमवर उभा पन असंल." ते मोकळे हसले. "पन आज निवांत गेला बघ, बाय. दोन महिने त्याचं आणि शेठचं भांडान. तुझ्या एका शब्दानं मिटला."

"त्याचा नंबर द्या मला. काका, आत्ता द्या."

"नंबर हाय ना माझ्याकडं." तरेंनी परातीत हात घातला, मूठभर काला उचलला आणि तिच्या पुढे झालेल्या हातावर ठेवला. "पन लूमच्या आवाजात फोन कुनाला आयकू येतो?"

आणि ते पुढच्या हाताकडे वळले.

मेघालीची मूठ आपोआप मिटली. दही बोटांच्या फटींतून निघून मनगटावर उतरलं.

"सरका ना पुढं, ताई," मागून कुणीतरी म्हणालं. "रांग हाय."